एक ओळ, दोन अर्थ : डेपोंच्या राउटरवरच्या पॅकेट स्विचिंगच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

काम मेलवर आलं : कंपनीतल्या सगळ्या राउटरना पॅकेट स्विचिंगची (आलेलं पॅकेट योग्य वाटेने पुढे पाठवण्याची) एकच पद्धत ठरवा, ती लिहून काढा आणि मार्चअखेरच्या गडबडीआधी लागू करा. यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीपासून नागपूर डेपोची ओरड चालू आहे की सकाळी डिस्पॅचच्या वेळेला सॅप अडकतं आणि फोनवर आवाज तुटतो. लिंक तेव्हा निम्मीही भरलेली नसते. लाइनवाले येऊन 'लाइन क्लीन' असं लिहून सही करून गेलेत.

आधी आपल्याकडे काय आहे ते. पुण्याच्या हेड ऑफिसात सिस्को ४३३१ राउटरची जोडी. शिरोलीच्या फाउंड्रीत एक ४३३१, अंबडच्या प्लांटला एक. नागपूर, जालना आणि हुबळी या डेपोंवर मात्र अजून २८११. या मॉडेलचा सपोर्ट कधीच बंद झालाय, पण डेपोंचा नंबर पुढच्या वर्षीच्या बजेटात आहे. तोवर याच पेट्यांवर भागवायचं.

सोबत एक जुनी टेम्प्लेट फाइल मिळाली. वर साल २००६. तिच्यात मधोमध एक ओळ आहे : 'नो आयपी सीईएफ', म्हणजे सीईएफ ही पॅकेट स्विचिंगची जलद पद्धत बंद. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळी आयओएसच्या (सिस्को राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या) एखाद्या आवृत्तीत सीईएफचा बग निघाला की तात्पुरता उपाय म्हणून ते बंद करून ठेवायचे. हे तसंच काहीतरी असणार. तात्पुरता उपाय मग सगळ्या डेपोंत कॉपी-पेस्ट होत गेला.

बुधवार, ८ जानेवारी

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "पद्धती किती आणि फरक काय, एका पानात द्या." पान दिलं. इथे थोडं सविस्तर, कारण पुढच्या नोंदी त्यावरच उभ्या आहेत.

पहिली, प्रोसेस स्विचिंग. प्रत्येक पॅकेट 'आयपी इनपुट' नावाच्या प्रोसेसच्या रांगेत जातं. शेड्युलर त्या प्रोसेसला वेळ देईल तेव्हा राउटिंग टेबल बघायचं, पुढचा हॉप (पुढचा राउटर) काढायचा, एआरपीतून (कुठला आयपी पत्ता कुठल्या यंत्राचा ते सांगणाऱ्या तक्त्यातून) त्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता घ्यायचा, हेडर नव्याने लिहायचं. साधं पोचपावतीचं पत्रसुद्धा साहेबांच्या टेबलावर सहीला जावं, तसला कारभार. यात पॅकेट केवढं आहे त्यापेक्षा पॅकेट किती आहेत यावर सगळं अवलंबून. जी.७२९ (आवाज दाबून पाठवायची पद्धत) चा एक फोन कॉल एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट टाकतो. आयपी हेडरसकट प्रत्येक ६० बाइटचं, त्यात खरा आवाज फक्त २० बाइट. म्हणून लिंक रिकामी आणि राउटर घामाघूम, असं होऊ शकतं.

दुसरी, फास्ट स्विचिंग. एखाद्या ठिकाणचं पहिलं पॅकेट वरच्याच वाटेने जातं, पण जाताना त्याचं उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) लिहिलं जातं. त्या ठिकाणची पुढची पॅकेट इंटरप्टमध्येच, म्हणजे आल्या क्षणीच, निकालात निघतात, शेड्युलरपर्यंत जात नाहीत.

तिसरी सीईएफ, सिस्को एक्सप्रेस फॉरवर्डिंग. यात पहिल्या पॅकेटची वाट बघितली जात नाही. राउटिंग टेबलवरून फॉरवर्डिंगचा तक्ता आधीच बांधून ठेवलेला असतो. पत्त्याचे चार बाइट, एकेका बाइटला २५६ फांद्या, म्हणजे जास्तीत जास्त चार पायऱ्यांत उत्तर. शेजारच्या राउटरसाठी लागणारं लेयर दोनचं हेडरही अ‍ॅडजसन्सीच्या तक्त्यात तयार असतं. 'शो अ‍ॅडजसन्सी डिटेल' मारलं की ते डोळ्यांनी दिसतं : २८ हेक्स अंकांची एक सलग ओळ. पहिले १२ शेजाऱ्याचा मॅक, पुढचे १२ आपला, शेवटचे चार ०८००, म्हणजे आत आयपी आहे. राउटर ही ओळ उचलून पॅकेटच्या डोक्यावर चिकटवतो, टीटीएल (अजून किती राउटर ओलांडायचे त्याची शिल्लक) एकने कमी करतो, चेकसम सुधारतो. झालं.

कागदावर निर्णय तिथल्या तिथे होतो. साहेबही तेच म्हणाले, "मग सीईएफ लावून टाका, त्यात प्रकल्प कसला?" प्रकल्प असा की, कॉन्फिगमध्ये एक लिहिलेलं असतं आणि पॅकेट जातात दुसरीकडूनच. ते आधी बघायचंय.

शुक्रवार, १० जानेवारी

नागपूरच्या राउटरवर सकाळी डिस्पॅचच्या वेळी लॉगिन केलं. 'शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड'. पाच सेकंदांचा आकडा ९१%/१८%. डावीकडचा एकूण, उजवीकडचा त्यातला इंटरप्टचा. मधली ७३ टक्के मेहनत प्रोसेसची. यादीत सगळ्यात वर आयपी इनपुट. इथेच पाणी मुरतंय.

पण टेम्प्लेट तर तिन्ही डेपोंत एकच. जालना आणि हुबळीत ही ओरड नाही, निदान एवढी नाही. कॉन्फिग शेजारी-शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. फरक नाही. मग 'शो व्हर्जन' बघितलं आणि उलगडा झाला. जालना-हुबळीत आयओएस १२.४(१५)टी, नागपूरला १२.४(२४)टी. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचं फ्लॅश कार्ड गेलं होतं, ते बदलताना नवी इमेज टाकली गेली.

आता मेख अशी. १२.४(२०)टी पासून सिस्कोने फास्ट स्विचिंगचा कोडच काढून टाकला. 'नो आयपी सीईएफ' या ओळीचा अर्थ जालन्यात 'सीईएफ नको, फास्ट स्विचिंग चालेल' असा होतो. नागपूरला मधली पायरीच उरलेली नाही, त्यामुळे पॅकेट थेट तळाला, प्रोसेसच्या रांगेत. कॉन्फिग तीच, एक अक्षर बदललेलं नाही, आणि राउटर दुसराच झाला. लाइनवाल्यांना उगाच शिव्या पडल्या.

सोमवार, १३ जानेवारी

नागपूरला हात लावायच्या आधी हेड ऑफिसातल्या शिलकी २८११ वर खेळून घेतलं. एक प्रश्न साहेबांच्या बाजूने आला होता आणि तो वाजवी आहे : जालना-हुबळीत फास्ट स्विचिंग चाललंय ना, मग तिथे कशाला ढवळाढवळ?

उत्तर लॅबमध्ये मिळालं. १२.४(१५)टी टाकून फास्ट स्विचिंगवर साधी फाइल कॉपी लावली, सगळं सुरळीत. मग आयटी अ‍ॅसेट मोजणारं आपलं सॉफ्टवेअर सोडलं, जे सगळ्या सबनेटमधले सगळे पत्ते एकामागून एक ठोकत सुटतं. प्रत्येक नवा पत्ता म्हणजे कॅशमध्ये नसलेलं पहिलं पॅकेट, म्हणजे प्रोसेस. 'शो आयपी कॅश' ची यादी पडद्याबाहेर वाढत गेली आणि आयपी इनपुट वर चढला. त्यात कॅश स्वतःहून दर मिनिटाला साधारण विसावा हिस्सा नोंदी काढून टाकते, की त्या परत बांधा.

हे काही नवं नाही. जुलै २००१ मधला कोड रेड आणि २५ जानेवारी २००३ चा स्लॅमर, दोन्ही वर्म (स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्राम) वाटेल त्या पत्त्यांवर पॅकेट फेकत होते. स्लॅमर तर हेडर धरून ४०४ बाइटचं एकच यूडीपी पॅकेट, पोर्ट १४३४. मागणी आली की कॅश भरायची असा ज्यांचा हिशोब होता, ते राउटर असल्या माऱ्यात सगळ्यात आधी आडवे होतात. लिनक्सवाल्यांनाही शेवटी तेच करावं लागलं : आयपीव्ही४ ची राउटिंग कॅश त्यांनी २०१२ मध्ये, कर्नल ३.६ मध्ये काढून टाकली. बाहेरचा कुणीही नवनवे पत्ते टाकून तुमची कॅश फुगवू शकतो, हाच तिथलाही आक्षेप होता.

फास्ट स्विचिंग बाद. साहेबांना एका वाक्यात कळवलं.

शनिवार, १८ जानेवारी

काल रात्री डिस्पॅच संपल्यावर नागपूरला 'आयपी सीईएफ' लावलं. एक ओळ. आज सकाळी त्याच वेळेला सीपीयू ३४%/२७%. डेपो मॅनेजरांचा फोन आला, "साहेब, आज काय केलंत? आज फोन नीट लागतोय." 'एक ओळ' हे उत्तर मी दिलं नाही, बिलाला शोभत नाही.

३४ मधले २७ गेले तर प्रोसेसकडे सात उरतात. राउटरची स्वतःची कामं धरली तरी हे जास्त वाटतं. आयपी इनपुट अजूनही यादीत वरच्या तिघांत आहे, म्हणजे काही पॅकेट अजून सीईएफच्या वाटेवरून खाली ढकलली जाताहेत. 'शो आयपी सीईएफ स्विचिंग स्टॅटिस्टिक्स' कारणासकट मोजदाद देतं. बरीचशी कारणं रास्त : राउटरसाठीच आलेली पॅकेट, टीटीएल संपलेली. आपला राउटिंग प्रोटोकॉल आणि टेलनेट (हो, अजून टेलनेट, पासवर्ड उघडा पाठवणारं लॉगिन, त्याची वेगळी नोंद केलीय) त्यातच मोडतात.

मग अ‍ॅक्सेस लिस्ट (कुठलं पॅकेट सोडायचं, कुठलं अडवायचं त्याची यादी) उघडली. शेवटची ओळ 'परमिट आयपी एनी एनी लॉग'. ऑडिटरांना कधीतरी 'सगळ्याची नोंद हवी' होती. लॉग शब्द लागला की त्या ओळीला जुळणाऱ्या पॅकेटांना नोंदीसाठी प्रोसेसकडे जावं लागतं. सीईएफ चालू, आणि त्याच्याच दारात आपणच लावलेला नाका. लॉग काढला, नोंदीसाठी त्याच इंटरफेसवर नेटफ्लो लावला. ऑडिटला कोण कुणाशी किती बोललं एवढंच हवं असतं, ते त्यात मिळतं.

मंगळवार, २१ जानेवारी

हुबळी. इथली तक्रार वेगळ्या तऱ्हेची : अपलोड बरा, पण हेड ऑफिसकडून काही उघडायचं म्हटलं की वेळ लागतो. एकाच दिशेचा त्रास म्हटला की माणूस लिंककडे बघतो. मी 'शो इंटरफेसेस स्टॅट्स' कडे बघितलं.

या कमांडचं एक जाणून घ्यायला हवं. ती दोन ओळी दाखवते, 'प्रोसेसर' आणि 'राउट कॅश'. सीईएफने गेलेली पॅकेटही ती 'राउट कॅश' मध्येच धरते. नाव जुनं, आत सगळं जलद वाटेचं. म्हणून या कमांडवरून सीईएफ चालू आहे की नाही ते कळत नाही, पॅकेट प्रोसेसला पडताहेत की नाही तेवढं कळतं. सध्या तेवढंच हवंय.

लॅनच्या इंटरफेसवर आत येणारी पॅकेट बहुतेक सगळी राउट कॅशच्या ओळीत. बाहेर पडणारी बहुतेक सगळी प्रोसेसरच्या ओळीत. तिरका आकडा. त्या इंटरफेसखाली 'नो आयपी राउट-कॅश' निघालं.

हे तिथे कसं आलं असणार ते या धंद्यातला कुणीही सांगेल. 'डीबग आयपी पॅकेट' फक्त प्रोसेसने जाणारी पॅकेट दाखवतं. म्हणून कुणीतरी कधीतरी डीबगसाठी कॅश बंद केली, उत्तर मिळालं, 'राइट मेमरी' मारून (कॉन्फिग तशीच जतन करून) माणूस घरी गेला. फास्ट स्विचिंगची कॅश पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याच्या हिशोबाने बांधली जाते, त्यामुळे लॅनकडे जाणाराच ट्रॅफिक मंदावला. सीईएफचं उलट आहे, तिथे पॅकेट ज्या इंटरफेसमधून आत येतं त्याची सेटिंग बघितली जाते. हा फरक लक्षात नसला तर ओळ भलत्याच इंटरफेसवर शोधत बसाल.

ती ओळ काढली, सीईएफ लावलं. इमेज बदलायला घेतली नाही. १२.४(१५)टी वर सीईएफ व्यवस्थित चालतं, आणि नव्या इमेजने काय होतं ते नागपूरने दाखवलंच आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

टनेलांचं (एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून नेणाऱ्या वाटांचं) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. जीआरई, म्हणजे टनेलचं वेष्टन, २४ बाइट खातं, म्हणून १५०० चे १४७६ उरतात, वर आयपीसेक, म्हणजे एन्क्रिप्शन, आणखी खातं. एन्क्रिप्शन झाल्यावर पॅकेटचे तुकडे पडले तर पलीकडच्या राउटरला ते आधी जुळवावे लागतात, मग उलगडावे लागतात, आणि ही जुळणी २८११ वर प्रोसेसचंच काम. सगळ्या टनेलवर आयपी एमटीयू १४००, टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) १३६०. फार लिहिण्यासारखं नाही, पण टेम्प्लेटमध्ये नव्हतं.

गुरुवार, ३० जानेवारी

खरी डोकेफोड आज. पुणे-शिरोली मध्ये दोन सारख्या लिंक आहेत आणि ट्रॅफिक वाटायचा कसा, यावर दोन तट पडलेत.

प्रोसेस स्विचिंगमध्ये पॅकेट आळीपाळीने वाटली जातात, एक इकडे, एक तिकडे. सीईएफ मुळात पाठवणारा आणि घेणारा या जोडीवरून हॅश (ठरलेल्या सूत्राने एक आकडा) काढतं आणि ती जोडी एकाच लिंकवर ठेवतं. शिरोलीच्या आयटीवाल्यांचं म्हणणं : रात्री बॅकअप चालतो तेव्हा एक लिंक तुंबते, दुसरी माशा मारते, यापेक्षा जुन्या राउटरवर पर-पॅकेट होतं तेच बरं होतं. आलेख त्यांच्या बाजूने आहे. बॅकअप म्हणजे एक सर्व्हर आणि पलीकडे एक सर्व्हर, जोडी एकच, लिंकही एकच.

पण पर-पॅकेटला माझा विरोध कायम आहे. दोन लिंकांवरचा विलंब कधीच तंतोतंत सारखा नसतो. पॅकेट मागेपुढे पोचतात, टीसीपीला तीन डुप्लिकेट अ‍ॅक (पोचपावत्या) दिसले की ते पॅकेट हरवलं असं धरून परत पाठवतं आणि वेगही कमी करतं. दोन्ही लिंक भरलेल्या दिसतात, फाइल मात्र वेळेवर पोचत नाही. फोनचे हाल वेगळेच. आलेख सुंदर दिसावा म्हणून नेटवर्क चालवायचं नसतं.

मधला मार्ग निघाला तो पोर्टवरून. हॅशमध्ये पत्त्यांच्या जोडीला टीसीपी पोर्टही घ्यायला सांगता येतात. आपला बॅकअप एकाच वेळी अनेक टीसीपी सत्रं उघडतो, प्रत्येकाचा पोर्ट वेगळा, म्हणजे सत्रं दोन्ही लिंकांवर विखुरतात आणि एका सत्रातली पॅकेट मात्र एकाच वाटेने क्रमाने जातात. 'शो आयपी सीईएफ एक्झॅक्ट-राउट' ला पत्ते आणि पोर्ट देऊन कुठलं सत्र कुठून जाईल ते आधीच तपासलं. अगदी निम्मं-निम्मं पडत नाही. हॅश आहे, तराजू नाही.

एक खबरदारी. एकामागे एक दोन राउटर सारखाच हॅश सारख्याच बीजाने काढत असतील, तर पहिल्याने डावीकडे पाठवलेलं सगळं दुसराही एकाच बाजूला ढकलतो आणि दुसऱ्याची एक लिंक रिकामीच राहते. म्हणून युनिव्हर्सल अल्गोरिदम, प्रत्येक राउटरला वेगळा आयडी. तो राउटर स्वतःच घेतो. कॉन्फिग कॉपी करताना एकाचा आयडी दुसऱ्यावर जाऊ नये एवढं बघायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्हेंडर आले होते. डेपोंत २८११ ऐवजी साध्या सर्व्हरवर व्हीपीपी, म्हणजे राउटरचं काम करणारं सॉफ्टवेअर, चालवा म्हणाले. तंत्र झकास आहे यात शंका नाही. २०१६ मध्ये ते खुलं झालं. पॅकेट एकेक न घेता २५६ पर्यंतचा जथा एकदम घेऊन पुढे सरकवतं, त्यामुळे प्रोसेसरची कॅश वाया जात नाही. १ गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४ लाख ८८ हजारांवर मावतात, तेवढ्यासाठी ते बनलंय.

आमचा नागपूरचा दोर १० मेगाबिटचा. २८११ चा छापील आकडा सेकंदाला १,२०,००० पॅकेट, म्हणजे ६४ बाइटला ६१.४४ मेगाबिट. छापील आकडा नुसत्या फॉरवर्डिंगचा असतो, त्यात नॅट (पत्ते बदलणं), एन्क्रिप्शन, क्यूओएस (ट्रॅफिकचा प्राधान्यक्रम) घातलं की बराच खाली येतो. तरी १० ला पुरून उरतो. शिवाय व्हीपीपीचा एक कोर कायम १०० टक्के दिसतो, कारण तो सतत पॅकेट आलं का म्हणून बघतच असतो. ते डेपोतल्या ऑपरेटरला रात्री दोन वाजता फोनवर समजावणार कोण? नम्रपणे नाही सांगितलं. चहा झाला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मानक लिहून झालं. पद्धतीचं वाक्य एकच आहे : सगळीकडे सीईएफ, वाटणी पत्ते आणि पोर्टवरून, पर-पॅकेट नाही. ४३३१ वर आयओएस एक्सई असल्याने सीईएफ बंद करताच येत नाही, तिथे हा वादच नाही. मात्र तिथे 'शो प्रोसेसेस सीपीयू' बघून निवांत राहू नये. तो आकडा कंट्रोल प्लेनचा, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या कामांचा. पॅकेट वाहून नेणारा भाग, क्यूएफपी, वेगळा आहे आणि त्याचा भार त्याच्या युटिलायझेशनच्या कमांडने बघावा लागतो.

बाकीची तीन पानं तपासणीची. डीबगसाठी कॅश बंद केली तर तिकिटात लिहायचं आणि तिकीट बंद करण्याआधी 'शो आयपी इंटरफेस' चा आउटपुट जोडायचा, ज्यात सीईएफ चालू असल्याची ओळ दिसते. इमेज बदलली की आधीचा आणि नंतरचा 'शो इंटरफेसेस स्टॅट्स' जोडायचा. लॉग शब्द फक्त डिनाय ओळींवर. टेम्प्लेटमधली २००६ ची ती ओळ उडवली आणि का उडवली ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहिलं.

सोमवार, ३ मार्च

जालना राहिलंय. तिथे ब्रॉडबँडवरून थेट इंटरनेट आहे आणि डीफॉल्ट राउट (वेगळी वाट न दिलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) पुढच्या हॉपकडे न दाखवता नुसता इंटरफेसकडे दाखवलाय. इथरनेटवर असं केलं की राउटरला सगळं जगच आपल्या केबलवर बसलंय असं वाटतं. प्रत्येक नव्या पत्त्यासाठी तो एआरपी विचारतो, प्रोव्हायडरचा राउटर प्रॉक्सी एआरपीने 'मीच तो' म्हणून उत्तर देतो. 'शो आयपी एआरपी' मारलं तर शेकडो ओळी, पत्ते जगभरचे, मॅक सगळ्यांचा एकच. नोंदी चार तास टिकतात. इथे सीईएफ लावलं तरी प्रत्येक नव्या पत्त्याचं पहिलं पॅकेट एआरपी सुटेपर्यंत खालीच पडणार, म्हणजे फास्ट स्विचिंगचं दुखणं मागच्या दाराने परत. आणि प्रोव्हायडरने एखाद्या दिवशी प्रॉक्सी एआरपी बंद केलं तर इंटरनेट एका फटक्यात गेलं.

म्हणून आधी राउट, मग सीईएफ. पत्ता डीएचसीपीने (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेने) मिळतो, तेव्हा डीफॉल्ट राउटही डीएचसीपीकडूनच घ्यायचा. लॅबवर करून बघितलं, एआरपीत एक ओळ उरते. डेपोने मात्र मार्च संपेपर्यंत कशालाही हात लावू नका म्हणून सांगितलंय, वर्षअखेरचा माल निघायचाय. शनिवार, ५ एप्रिल, रात्री १० नंतरची वेळ मागून ठेवली आहे. प्रोव्हायडरचा माणूस त्या वेळेला फोनवर असेल असं लेखी हवंय, अजून आलेलं नाही.